फॉग लाइटला एलईडी बल्ब: उजेड वाढला, पण दिसणं वाढलं का?

रात्रपाळी
माझी ड्यूटी पहाटे चारला सुटते. थंडीत परतीचा निम्मा रस्ता धुक्यातून असतो. गाडीच्या मूळच्या फॉग लाइटमध्ये एच११ प्रकारचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब होता, पिवळट आणि मिणमिणता. मागच्या महिन्यात तो काढून ६००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरे एलईडी बसवले. कपलर तोच, वायर कुठेही कापली नाही. आता कडेची पांढरी पट्टी, वळणावरचा कठडा, आडवं आलेलं कुत्रं, सगळं आधी दिसतं. वीजही निम्म्याहून कमी लागते. "एलईडी लावू नका" असं सगळे सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही. माझ्या मते कंपनी हॅलोजन देते ते केवळ स्वस्त पडतं म्हणून.

काचभिंग
कारण सांगतो. फॉग लाइटचं काम लांब उजेड फेकण्याचं नाहीच. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा असावा लागतो. त्या कडेच्या वर गेलेला उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. दिवा बंपरमध्ये खाली असतो तो याचसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमात कारसाठी ही जागा जमिनीपासून २५० ते ८०० मिमीच्या आत ठरवून दिली आहे.

आता ही कड बल्ब तयार करत नाही, मागचा आरसा करतो. आणि तो आरसा हॅलोजनमधल्या ठरावीक जागी असलेल्या तारेच्या वेटोळ्यासाठी घडवलेला असतो. वेटोळं चहूबाजूंनी प्रकाशतं. एलईडी बल्बात एका पट्टीच्या दोन बाजूंना उजेड देणाऱ्या चिप असतात, मधे पट्टीची जाडी. उजेडाचा उगम जरासा हलला तरी कड विस्कटते. तुम्हाला जास्त दिसतंय ते कोरड्या हवेत की दाट धुक्यात, एवढं सांगा.

जुनी डिझेल
आरशाचं खरं आहे, पण हॅलोजनला इतकं डोक्यावर घेऊ नका. सगळ्यांच्या नशिबी ५५ वॅट नसतात. एच११ चा ठरलेला उजेड १३५० ल्यूमेन, ३५ वॅटच्या एच८ चा ८००, आणि १९ वॅटच्या एच१६ चा जेमतेम ५००. माझ्या गाडीत एच१६ आहे. त्यात जास्त वॅटचा हॅलोजन कोंबावा तर उष्णतेनं प्लास्टिकचं घर वितळायचं. शिवाय बंपरमधला दिवा प्रत्येक खड्ड्याचा दणका खातो, वर्षात दोन बल्ब गेले माझे. एलईडीत तुटायला तारच नाही. कड थोडी मऊ झाली तर मी चालवून घेईन, काळोख चालवून घेणार नाही.

दुचाकीवर
मी रोज रात्री दुचाकीवर असतो. समोरून अशी गाडी आली की दोन-तीन सेकंद रस्ताच नाहीसा होतो. हेल्मेटच्या काचेवर पावसाचे थेंब असले की प्रत्येक थेंब पेटतो. मी डिपर देतो, पण समोरच्याचे हेडलाइट आधीच लोवर असतात, त्यामुळे त्याला वाटतं हा उगाच देतोय. मागच्या पावसाळ्यात असाच कडेच्या मातीत उतरलो. पडलो नाही, पण मागे बायको बसली होती. तुम्ही चालवून घ्याल हो, पण चालवून घ्यावं लागतं ते आम्हाला.

रात्रपाळी
काल सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावली आणि दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी मारली. झोताची कड त्या पट्टीच्या साधारण २० सेंमी खाली यायला हवी. डावा ठीक होता. उजव्याचा उजेड पट्टीच्या बराच वर पसरलेला. बल्ब होल्डरमध्ये तिरका बसून चिप वर-खाली झाल्या होत्या. फिरवून त्या डाव्या-उजव्या बाजूला आणल्या तशी कड खाली आली, तरी वर धूसर उजेड राहिलाच. जुना हॅलोजन लावून पाहिला, तर त्याची रेघ स्वच्छ. हे मान्य करतो. दुचाकीवाल्या दादा, महिनाभर समोरच्यांना त्रास झाला असणार, वाईट वाटतं. पांढऱ्याऐवजी ३००० केल्विनचा पिवळा एलईडी घेतला तर? पिवळा धुकं भेदतो म्हणतात.

काचभिंग
भेदत नाही. धुक्याचे थेंब बहुधा १० ते २० मायक्रॉनचे, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. थेंब इतका मोठा असला की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळसर उजेड डोळ्यांना जास्त खुपतो, म्हणून पिवळा सुसह्य वाटतो, इतकंच. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच ठेवण्याची सक्ती होती, पुढे तीही गेली. कड फाटलेली असेल तर पिवळाही वरच सांडणार.

आणि कोरड्या रात्री फॉग लाइट बंदच ठेवा. गाडीसमोरचा पट्टा झगझगीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा रस्ता अधिकच काळा पडतो. जास्त दिसल्यासारखं वाटतं ते जवळचं असतं.

वायरमन
बिघाड रोज पाहतो म्हणून लिहितो. एलईडीची उष्णता मागे जाते, पुढची काच गार राहते. बर्फ पडतो तिथे ती बुजते. मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी नीट बसत नाही आणि पाणी शिरतं. एलईडी कमी वीज घेतो म्हणून काही गाड्यांत बल्ब गेल्याचा इशारा लागतो, मग जास्त वीज खेचायला रेझिस्टर जोडतात, तो चटका बसेल इतका तापतो.

बदलायचंच असेल तर नुसता बल्ब नको, एलईडीसाठीच घडवलेला अख्खा दिवा घ्या. काचेवर वर्तुळातला ई (मंजुरीची खूण) आणि बी किंवा एफ३ (फॉग लाइटचा वर्ग) पाहा. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना हेडलाइटसाठी परवानगी मिळाली, तीसुद्धा तपासलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. म्हणजे बल्ब एकच, पण दिव्यागणिक निकाल वेगळा.

जुनी डिझेल
माझ्या मॉडेलला तसा अख्खा दिवा मिळत नाही, सगळीकडे विचारून झालं. मी एलईडीच ठेवणार. पण आज भिंतीसमोर गाडी लावतो, आणि वर सांडत असेल तर दिवा आणखी खाली वळवतो.

रात्रपाळी
मी दोन्ही बाजूंना हॅलोजन परत बसवले. काढताना आरशावर धुळीचा थर दिसला, काचही आतून धुरकट होती. मिणमिणता उजेड बल्बाचा की या काचेचा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळं पुसलंय. दाट धुकं पडलं की इथे लिहितो.