मदत हवी आहे: बॅग फिल्टरच्या बॅगा चार महिन्यांत फाटताहेत, पीएम (ठरावीक वेळाने करायची देखभाल) शेड्यूलमध्ये काय चुकतंय?

मंडळी, नमस्कार.

मेंटेनन्समध्ये मी नवा नाही, पण आजवर पंप आणि गिअरबॉक्स यांतच हात काळे केले. दोन महिन्यांपूर्वी धूळ पकडणारी सगळी यंत्रणा माझ्या गळ्यात पडली आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

यंत्र असं: पल्स जेट बॅग फिल्टर, म्हणजे धुळीची हवा कापडी बॅगांतून गाळायची आणि बॅगांवर बसलेली धूळ हवेचा झटका (पल्स) मारून झटकायची. १२० बॅगा, १२-१२ च्या १० ओळी. बॅगेची लांबी ३.६ मीटर, कापड पॉलिस्टर नीडल फेल्ट. धूळ म्हणजे दळलेल्या चुनखडीची कोरडी भुकटी, हवेचं तापमान ४५ अंशांच्या वर जात नाही. खाली हॉपर (झटकलेली धूळ पडते ते नरसाळं), त्याखाली रोटरी एअरलॉक (हवा आत न येऊ देता धूळ बाहेर काढणारी फिरती पाती), पुढे आयडी फॅन (हवा ओढणारा पंखा) आणि चिमणी. टायमरवर पल्स १०० मिलिसेकंदांचा, दर ५ सेकंदांनी एक ओळ.

त्रास असा: बॅगांचा पूर्ण संच चार महिन्यांपूर्वी बदलला. दोन वर्षं तरी टिकतील अशी अपेक्षा होती. आत्ताच १४ फाटल्या. पल्स वाजला की मागोमाग चिमणीतून पांढरा भपका निघतो. नऊ बॅगा धूळ आत येते त्या तोंडासमोरच्या दोन ओळींतल्या आहेत आणि त्या सगळ्या तळाशी वीतभर झिजून गेल्यात, कापड अक्षरशः जाळीसारखं झालंय. बाकीच्या पाचांवर केजच्या (बॅगेच्या आतला तारांचा सांगाडा) तारांच्या रेषेत उभ्या चिरा आहेत.

पीएम वेळच्या वेळी होतं, निदान कागदावर. आधीच्यांनी केलेली १८ कलमांची यादी आहे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. डीपी (बॅगांच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक) तर एकदम झकास: संच बदलला त्या दिवशी ११०, दुसऱ्या दिवशी ११०, काल ११०, मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. १०० ते १५० मध्ये असावा म्हणतात, म्हणजे मधोमध.

मग बिघडतंय कुठे? आणि कुणाकडे खरोखर कामाचं पीएम शेड्यूल असेल तर सांगा. पुस्तकी नको.

चक्कीवाला
पल्सच्या हवेचं प्रेशर किती आहे? ६ बार असेल तर ७ करून बघा. बॅगा नीट झटकल्या जात नसतील. आमच्याकडे तसं केल्यावर फरक पडला होता.

जुना फिटर
चक्कीवाले दादा, प्रेशर वाढवायचं औषध सगळ्या रोगांवर चालत नाही हो. त्यांच्या बॅगांवर तारांच्या रेषेत चिरा आहेत. म्हणजे कापड केजवर आधीच जोरजोरात आपटतंय. त्यात आणखी एक बार चढवला तर चार महिन्यांऐवजी दोन महिन्यांत फाटतील.

धागाकर्ते, तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. नव्या कोऱ्या बॅगांवर पहिल्या दिवशी डीपी ११० येत नाही. कापड मोकळं असतं, ४०-५० च्या आतबाहेर काटा असतो. मग धुळीचा थर बसत जातो तसा हळूहळू वर चढतो आणि एका ठिकाणी स्थिरावतो. पहिल्या दिवशीही ११० आणि आजही ११०, याचा अर्थ काटा काही मोजतच नाहीये, किंवा मोजला तरी बघायला कोणी जात नाहीये. फॅन बंद करा आणि काटा शून्यावर येतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

धागाकर्ता
आता मलाच लाज वाटतेय. दोन महिने तोच आकडा बघतोय आणि डोक्यात उजेड पडला नाही.

आज शिफ्ट बदलताना फॅन थांबला होता. काटा ११० वरच. दोन्ही नळ्या गेजपासून काढल्या, तरी ११०. काचेवर टिचकी मारली, ढिम्म हलला नाही. गेज उघडलं तर आत पीठ भरलेलं. धूळवाल्या बाजूची नळी टॅपपाशी (यंत्राला जोडलेली असते तिथे) बोटभर गच्च, खडूच्या कांडीसारखी अख्खी बाहेर निघाली. आता नवं गेज येईपर्यंत काचेच्या यू-नळीत पाणी भरून लावलंय. फॅन चालू असताना वाचन आलं १९०.

प्रोसेसवाली
१९० आलं ना, मग आता पुढची गोष्ट जुळते. डीपीचा भरवसा नव्हता म्हणून कोणीतरी कधीतरी "जरा जास्त साफ होऊ दे" म्हणत टायमर ५ सेकंदांवर आणला असणार. माझा अंदाज आहे, पण हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की पैज लावायला तयार आहे.

हेडरचं (पल्सची हवा साठवणारी टाकी) प्रेशरगेज पल्सच्या वेळी बघा. व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर खाली येतं, मग टाकी भरून पुन्हा वर जातं. ५ सेकंदांत ते पूर्ण वर जातंय का? जात नसेल तर पुढच्या ओळीला मिळणारा फटका अर्धामुर्धा असतो. झटका वारंवार आणि प्रत्येक झटका अशक्त. कापड दमतं, थर मात्र सुटत नाही.

दुसरं म्हणजे बॅग चकाचक करायची नसते. धूळ अडवण्याचं खरं काम कापडावर बसलेला पातळ थर करतो, कापड त्याचा आधार. दर पाच सेकंदांनी कुठल्या ना कुठल्या ओळीचा थर उडवला की ती ओळ काही क्षण उघडी पडते आणि बारीक धूळ आरपार जाते. तुमचा भपका थोडा त्यामुळे, बराचसा फाटलेल्या बॅगांमुळे.

तिसरं: टायमर एकट्यावर ठेवू नका. डीपी ठरावीक आकड्यावर गेला की सफाई सुरू, खाली आला की बंद, अशी सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. गेज दुरुस्त झाल्यावरच ती वापरा, नाहीतर मेलेल्या काट्याच्या हुकमावर यंत्र चालेल.

धागाकर्ता
ताई, पैज जिंकलात. ६ वरून ४ ला येतं आणि पाच सेकंदांत जेमतेम ४.७ पर्यंत चढतं. तेवढ्यात पुढचा पल्स. १० सेकंद केल्यावर ६ च्या जवळ पोचतंय.

पण तोंडासमोरच्या नऊ बॅगा तळाशी का झिजल्या ते यातून उलगडत नाही.

जुना फिटर
तो वेगळाच रोग आहे. बॅग कुठे फाटली ते ठिकाण नेहमी लिहून ठेवत जा, कारण ठिकाणच कारण सांगतं. मानेपाशी फाटली तर वरची पल्स पाइप वाकडी, झोत मधोमध न जाता कापडावर बसतोय. तारांवर फाटली तर जास्त मार किंवा गंजलेली केज. तळाशी फाटली तर दोन शक्यता: केज वाकून बॅगा एकमेकींना घासताहेत, किंवा खालून येणारी धुळीची हवा सरळ बॅगांवर आदळतेय.

तुमच्या नऊही एकाच बाजूच्या, म्हणून मला दुसरी शक्यता दिसते. आत येणाऱ्या तोंडासमोर एक आडवी प्लेट असते, ती धुळीचा वेग मोडून तिला खाली हॉपरकडे वळवते. चुनखडी तिला हळूहळू खाते. पुढच्या शटडाउनला हॉपरच्या दारातून बॅटरी मारून बघा. यादीतल्या १८ कलमांत ही प्लेट आहे का? नसणार.

आणि बघायला आत डोकं घालण्यापूर्वी फॅन, रोटरी, टायमर तिन्हींना लॉक आणि टॅग (कोणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि चिठ्ठी). हेडरची हवा पूर्ण सोडा. परमिटशिवाय आत कोणी जायचं नाही, "फक्त दोन मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही. रोटरीत हात गेलेला माणूस मी पाहिलाय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चक्कीवाला
प्रेशरचं माझं चुकलं, मान्य. एक भर घालतो. हॉपर तुंबला की आमचे लोक घण घेऊन ठोकतात. पत्र्याला पोचे पडतात, पोच्यात धूळ आणखी अडकते, मग आणखी ठोका. हॉपर म्हणजे कोठार नाही. धूळ तिथे साठली तर वर चढून बॅगांच्या तळाला लागते आणि तळ झिजतो तो असाही. तुमचा रोटरी नीट फिरतोय ना? पाती झिजली की खालून बाहेरची हवा वर शिरते आणि खाली पडणारी धूळ पुन्हा उडवते.

धागाकर्ता
शटडाउन मिळाला. प्लेटला हात जाईल एवढं भोक, अगदी त्या दोन ओळींच्या समोर. यादीत ती खरंच नव्हती. प्लेट बदलली, नवी जरा जाड घेतली. रोटरीची पाती ठीक निघाली, हॉपरवर मात्र पोचे भरपूर आहेत.

आता शेड्यूलचं सांगा. रोज काय, महिन्याला काय?

प्रोसेसवाली
पहिली गोष्ट, खूण करायची पद्धत बंद करा. जिथे मोजता येतं तिथे आकडा लिहायचा. "डीपी ठीक" नको, "डीपी १२५" हवं. आणि आकडा सलग आठ दिवस जसाच्या तसा आला तर तोही बिघाड समजून गेज तपासायचं.

रोज: डीपी, हेडरचं प्रेशर पल्सआधी आणि पल्सनंतर, हेडरच्या ड्रेनमधून पाणी काढणं. पाणी राहिलं तर पल्सबरोबर बॅगेत जातं आणि चुनखडीचा चिखल कापडावर लिंपला जातो. तो पुन्हा सुटत नाही. चिमणीकडे नजर.

जुना फिटर
आणि कान. रोज एकदा हेडरपाशी उभं राहून दहाच्या दहा व्हॉल्व्ह ऐका. चांगला व्हॉल्व्ह "ठप्प" असा खणखणीत वाजतो. "फुस्स" वाजला तर डायफ्राम (व्हॉल्व्हमधला रबरी पडदा) फाटलाय. सतत सू सू येत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, बहुधा डायफ्रामखाली किंवा सोलेनॉइडमध्ये (व्हॉल्व्ह उघडणारा विजेचा भाग) कचरा अडकलाय. वाजलाच नाही तर कॉइल किंवा वायर. मशीन चालू असताना यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

महिन्याला एकदा फॅन बंद करून वरचं झाकण उघडा. स्वच्छ बाजूची ट्यूबशीट (बॅगा टांगलेला भोकांचा पत्रा) खरंच स्वच्छ दिसायला हवी. एखाद्या बॅगेच्या तोंडाशी धुळीची छोटी रास दिसली तर चोर तिथेच. रास दिसत नाही पण भपका आहे, तर चमकणारी पावडर आत सोडून अंधारात यूव्ही दिव्याने बघतात. झाकणाच्या गास्केटवरून बोट फिरवा, कडक झालं असेल तर बदला, पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. डीपीच्या नळ्या दर महिन्याला काढून हवेने फुंका, पण गेजपासून सोडवून, नाहीतर नवं गेजही माराल.

प्लेट, पल्स पाइपची सरळ रेषा, केज आणि रोटरीची पाती सहा महिन्यांनी.

धागाकर्ता
फाटलेल्या १४ जागी नव्या बॅगा टाकू का? की सगळा संचच बदलू?

प्रोसेसवाली
अख्खा संच आत्ता नको. पण नव्या आणि जुन्या शेजारी शेजारी असल्या की हवा मोकळ्या वाटेने, म्हणजे नव्या बॅगांतून पळते. त्यांच्यावर वेग जास्त येतो आणि त्याच लवकर जातात. म्हणून नव्या टाकल्यावर फॅनचा डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) थोडा दाबून सुरू करा, थर बसू द्या, मग हळूहळू उघडा. पहिल्या थराआधी पल्स चालू करू नका. एखादी बॅग हाताशी नसेल तर त्या भोकाला टोपी लावा, उघडं सोडू नका.

धागाकर्ता
१२ बदलल्या, दोन भोकांना टोप्या, कारण त्या दोघींच्या केज कमरेत वाकल्या होत्या आणि सरळ होईनात. नव्या मागवल्यात. टायमर १२ सेकंदांवर, डँपर दाबून सुरू केलं, पहिला दीड तास पल्स बंद. संध्याकाळी यू-नळीत ११८. भपका दिसत नाही. उद्या सकाळी पुन्हा बघून कळवतो.