विषय: रि: रि: शनिवारचं पार्किंग आणि रेंजवाली मंडळी

शर्वरी:
मंडळी, शनिवारच्या गणपतीसाठी घेतलेल्या शाळेच्या ऑफिसातून परत फोन आला. हत्यारं नकोत हे करारात आहेच, पण गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर त्यांना आता लेखी हवंय. रेंजवाले सगळे बेन एव्हरीच्या नेमबाजीच्या रेंजवरून बंदुकांसकट थेट आरतीला येतात हे काही गुपित नाही. कृपा करून घरी ठेवून या, मला गुरुवारपर्यंत कळवायचंय. आणि पूर्वेकडचा अर्धा लॉट खोदून ठेवलाय, त्यामुळे यंदाही गाड्या एकामागे एक लावायच्या आणि किल्ल्या पार्किंग टीमकडे द्यायच्या.

मकरंद:
घरी ठेवून या म्हणजे काय गं, बेन एव्हरी कुठे, क्वीन क्रीकचं माझं घर कुठे, मी जाऊन येईपर्यंत महाप्रसादाची भांडी घासून झालेली असतील. ॲरिझोनाचा कायदा सरळ आहे, शाळेच्या आवारात गाडीत बंदूक ठेवता येते, फक्त भरलेली नको, बाहेरून दिसायला नको आणि गाडीला कुलूप हवं. कलम १३-३१०२ वाचा. करारात बिल्डिंग लिहिलंय की आवार, ते आधी बघ. आणि उन्हाचं कोणी काढायच्या आधीच सांगतो, काही होत नाही, माझ्या ट्रकात वर्षभर गोळ्या पडून असतात.

अश्विनी:
कायदा राहू दे बाजूला. दिवसभर बंद गाडीत काडतुसं, फुटली तर? जुलैत माझ्या डॅशबोर्डवरचा फोनचा स्टँड वितळून लोंबत होता. ढोलपथकातली पोरं त्याच गाड्यांच्या मधून ये-जा करतात.

श्रीकांत:
अश्विनी, फुटत नाहीत. मी घरी काडतुसं भरतो म्हणून जरा लांबण लावतो. आपल्या टेंपीतच एएसयूवाल्यांनी (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) गाड्या उन्हात उभ्या करून मोजलं होतं, २०१८ ला छापून आलं. तासाभरात गाडीच्या आत सरासरी ११६ फॅरनहाइट, स्टिअरिंग १२७, डॅशबोर्ड १५७. काडतुसातली दारू आपोआप पेटायला ३०० च्या वर जावं लागतं, आणि गाडी तेवढी तापली असेल तर ती आधीच जळत असणार, मग काडतुसांची काळजी फायर ब्रिगेड करेल. सुटं काडतूस आगीत फुटलं तरी नळीत नसल्यामुळे नुसतं कवच फाटतं, गोळीला बंदुकीसारखा जोर नसतो.

पण म्हणून मकरंद म्हणतो तसं "काही होत नाही" असंही नाही. दारूत ती टिकवणारं स्टॅबिलायझर घातलेलं असतं, ते उष्णतेनं संपत जातं आणि नंतर दारू खराब व्हायला लागते. हे एका शनिवारात होत नाही, उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले की होतं. २०२३ ला इथे सलग ३१ दिवस ११० किंवा त्याच्या वर होतं, तेव्हाच्या गोळ्या अजून ट्रकात असतील तर त्या रेंजवरच संपव, घरात रात्री उशाला ठेवायच्या म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवू नकोस. दुसरं, तापलेलं काडतूस लगेच झाडलं तर दाब जास्त होतो, कधी कवच चेंबरमध्ये अडकून बसतं. पिस्तुलाचं तेल पातळ होऊन ओघळतं, रेड डॉटची, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटची, बॅटरी जाते.

मला खरी भीती त्याच बॅगेतल्या क्लीनिंग स्प्रेची आहे. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, १२० च्या वर ठेवू नका. शेजारी पॉवर बँकही असते. ते दोन्ही आत एसीत घेऊन या, त्याला शाळेची ना नाही.

उदयकाका:
आमच्या चिपळूणकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असायचा, माकडं आणि रानडुकरांसाठी. पावसाळ्यात काडतुसं सादळायची, मग श्रावणात ऊन पडलं की आजोबा ती सुपात घालून अंगणात वाळत ठेवायचे, पापडांच्या शेजारी. कधी फुटली नाहीत.

वैशाली:
काका, आमच्याकडे गुहागरला निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमकी तेव्हाच माकडं नारळावर. माकडांना बरोबर कळायचं.

नितीन:
विषयावर येऊ का? मी एच-१बी व्हिसावर आहे, पार्किंग टीममधले बहुतेक तसेच. फेडरल कायद्यानं आम्हाला बंदूक बाळगता येत नाही, त्यात ताबाही आला. किल्ली माझ्या खिशात, गाडी मी हलवणार आणि सीटखाली तुमचं पिस्तूल, हे मी पोलिसाला कसं पटवू? गेल्या वर्षी माहीत नव्हतं म्हणून चालवल्या. यंदा रेंजवाल्यांच्या किल्ल्या मी घेणार नाही, ऊन असो वा थंडी.

मकरंद:
शिकारीचं लायसन्स काढलं की व्हिसावाल्यांना त्यातून सूट मिळते, माहितीसाठी.

नितीन:
मकरंददादा, गणपतीत गाड्या लावायला शिकारीचं लायसन्स काढू का?

श्रीकांत:
नितीनचं बरोबर आहे. आणि फक्त राज्याच्या कायद्यावर जाऊ नका, शाळेपासून हजार फुटांचा १९९० चा फेडरल कायदा वेगळा आहे. राज्याचं बंदुकीचं परमिट नसेल तर बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत हवी, सीटखाली सरकवून भागत नाही. पेटी केबलनं सीटच्या फ्रेमला बांधा, कारण फुटण्यापेक्षा गाडी फोडण्याची शक्यता कितीतरी जास्त. देशभरात २०१७ ते २०२१ मध्ये लोकांकडच्या दहा लाखांवर बंदुका चोरीला गेल्यात.

शर्वरी:
ठीक. करार वाचला, "बिल्डिंग आणि आवार" दोन्ही लिहिलंय, त्यामुळे मकरंद, कायदा काही म्हणो, शाळा नाही म्हणतेय. शाळेसमोरच्या प्लाझावाल्यांशी बोलते, त्यांनी हो म्हटलं तर रेंजवाल्यांनी तिथे लावायचं, आपापल्या किल्ल्या आपल्याकडे, कुलूपबंद पेटी हवीच. नाही म्हटलं तर त्या दिवशी रेंज नको. छताखालच्या जागा मूर्तीच्या व्हॅनला आणि केटररला, त्यात बदल नाही.

मकरंद:
प्लाझात एक झाड नाही. ढोलपथकाला मात्र सावलीत जागा?

प्राजक्ता (ढोलपथक):
आम्हाला कुठली सावली? ढोल आम्ही गाडीत ठेवतच नाही, पानं तडकतात, स्टेजमागच्या खोलीत ठेवतो. ती खोली गेल्या वर्षी रांगोळीवाल्यांनी बळकावली होती. शर्वरीताई, गुरुवारी शाळेशी बोलशील तेव्हा तेवढं लेखी घे.