२०१४ नंतरची कोणती मराठी गाणी २०४५ साली वाजतील? वाद्यवृंदाच्या वहीसाठी निवड

काळी_चार (प्रश्न)

हौशी वाद्यवृंदाची नवी वही करायची आहे. आठ गायक, पेटी, कीबोर्ड, ढोलकी-तबला आणि ऑक्टोपॅड (तालवाद्यांचे तयार आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक पॅड). एक गाणं मधल्या पीसेससकट (ओळींमधले वाद्यांचे तुकडे) आणि कोरससकट नीट बसवायला चार-पाच तालमी जातात. एवढी मेहनत करून दोन वर्षांत लोकांच्या ओठांवरून उतरणारी गाणी घ्यायची नाहीत. २०१४ पासून आजपर्यंतची दहाच घ्यायची आहेत.

सध्याचा कच्चा विचार असा: 'माउली माउली' (लय भारी, २०१४), 'सूर निरागस हो' (कट्यार काळजात घुसली, २०१५), 'सैराट'मधलं (२०१६) 'याड लागलं' आणि 'झिंगाट', 'चंद्रमुखी'मधली (२०२२) 'चंद्रा', 'वेड'मधलं (२०२२) 'सुख कळले', 'महाराष्ट्र शाहीर'मधलं (२०२३) 'बहरला हा मधुमास', संजू राठोडचं 'गुलाबी साडी' (२०२४).

यूट्यूबचे आकडे कृपया सांगू नका. कोणतं गाणं टिकेल ते कशावरून ओळखायचं, आणि बसवताना कुठे घोटाळा होतो, ते सांगा.

पेटी_आणि_पट्टी

पहिली कसोटी पेटीवरच घ्या. ठेका काढा, शब्द काढा, लय निम्मी करा आणि नुसती चाल वाजवा. मुखडा ओळखू आला की अंतरा वाजवा. बरीच नवी गाणी अंतऱ्यातच पडतात. सगळी मेहनत पंधरा सेकंदांच्या ओळीवर झालेली असते आणि अंतरा त्याच चार स्वरांत फिरत राहतो. चांगल्या बांधणीत अंतरा तार षड्जाच्या अंगाने वर जातो आणि क्रॉस लाइन (अंतऱ्याची शेवटची ओळ) त्याला अलगद मुखड्यावर आणून सोडते. ती क्रॉस लाइन ऐकणाऱ्याच्या तोंडी आपोआप आली, तर गाणं पक्कं समजा.

दुसरी कसोटी पल्ल्याची. घरात, सहलीत, भेंड्यांत जे गाता येतं ते पुढच्या पिढीकडे जातं. त्यासाठी एक सप्तक आणि वर दोन-तीन स्वर, एवढीच मुभा असते. त्याच्या बाहेरचं गाणं लोक मनापासून ऐकतात, पण गात नाहीत.

'याड लागलं' पहिल्या कसोटीला शंभर टक्के उतरतं. त्याच्या व्हायोलिनचा ताफा लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत वाजलाय हे खरं, पण तो सगळा काढून घेतला तरी पेटीवर चाल तशीच उभी राहते. बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे कीबोर्डवाला स्ट्रिंग्जचा आवाज लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबून धरतो, आणि गायक त्यात बुडतो. फक्त सुरुवात आणि मधले पीस स्ट्रिंग्जला द्या, गाण्याखाली पेटी आणि एक बासरी पुरे. शिवाय अजय गोगावलेंची पट्टी उंच आहे. तुमचा पुरुष गायक मूळ पट्टीत ओरडायला लागला की गाण्यातली आर्तता गेलीच. बिनधास्त दोन-तीन स्वर खाली उतरवा.

द्वंद्वगीतांचा प्रश्न वेगळा. पुरुष काळी एक किंवा दोनला (म्हणजे पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी षड्ज धरून) गातो, बाई काळी चार-पाचला. दोघांना एकाच पट्टीत बसवलं की एकाचा तरी आवाज मरतो. जिथे चाल परवानगी देते तिथे तिचा अंतरा मध्यम किंवा पंचमाला षड्ज धरून घ्या: तो काळी एकला असेल तर ती काळी तीन किंवा चारला. वळण मधल्या पीसमध्येच घ्यायचं, शेवटचे दोन स्वर नव्या पट्टीचे. 'बहरला हा मधुमास'साठी हे करून बघा. त्या गाण्याचा मुखडा लोकांना रील्समुळे पाठ आहे, पुढचं फार थोड्यांना. मुखडा नक्की टिकेल. अख्खं गाणं टिकावं असं वाटत असेल, तर तुमच्यासारख्यांनी ते अख्खं गायला हवं.

बेंजोमास्तर

वरचं सगळं बैठकीच्या गाण्यांना लागू. नाचाच्या गाण्याचा निकाल पेटीवर लागत नाही, तो वरातीत लागतो.

बेंजोवर आणि क्लॅरिनेटवर फक्त चाल वाजते. शब्द नाहीत, कॉर्ड्स नाहीत, स्टुडिओतला बेस नाही. म्हणून वरातीत टिकणाऱ्या गाण्याला दोन गोष्टी लागतात: चार-आठ मात्रांत संपणारी, नुसत्या स्वरांवरून ओळखू येणारी ओळ, आणि ताशावाल्याला तोड मारायला मोकळी जागा. 'झिंगाट'मध्ये दोन्ही आहेत. 'ऐका दाजिबा' २००२ चं. वीस वर्षं उलटून गेली तरी फर्माईश येते, ती याच कारणाने. तेव्हाही जाणकार म्हणत होते की पावसाळ्यापुरतं आहे.

'गुलाबी साडी'ला नाक मुरडू नका. चालीचा पल्ला लहान आहे, पण त्यामुळेच पाच वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी दोघंही म्हणतात. आणि ते हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन चिकटलंय. एखाद्या विधीला चिकटलेलं गाणं लवकर सुटत नाही. याउलट क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं 'तांबडी चामडी' (२०२४) हा मराठी शब्दांवरचा पक्का हाऊस (इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) प्रकार आहे. चारही मात्रांवर किक (बास ड्रमचा ठोका) आणि वर बोलल्यासारखे शब्द. मला ते मनापासून आवडतं, पण बेंजोवर त्यातलं काहीच उरत नाही. ते डीजेकडे जगेल, तुमच्या वहीत नको.

'झिंगाट' बसवताना ऑक्टोपॅडवर हलगीचे सॅम्पल नुसते वाजवून भागत नाही. हलगीची गंमत काडीच्या बारीक पाटात आहे. खरी हलगी आणि एक ताशा आणा, ऑक्टोपॅडला फक्त खालचा ठोका द्या. शेवटी लय वाढवायची तर आधी ढोलकीवाल्याशी खूण ठरवून ठेवा, नाहीतर कोरस मागे राहतो.

घुंगरू

'चंद्रा' टिकेल याबद्दल मला शंका नाही, आणि कारण चित्रपट नाही. लावणी टिकवतात नाचणाऱ्या. सुलोचना चव्हाणांचं 'फड सांभाळ' १९६५ च्या चित्रपटातलं. चित्रपट पाहिलेले आज किती सापडतील? पण ती लावणी दर वर्षी नव्या मुली शिकतात, कारण तिच्यात अदा करायला जागा आहे, दर ओळीनंतर ढोलकीला उत्तर द्यायला जागा आहे. 'चंद्रा' पहिल्याच वर्षी शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून लावणी स्पर्धांपर्यंत सगळीकडे गेली, ती याच वाटेने.

गायिकेला सांगून ठेवा, श्रेया घोषालची नक्कल करायची नाही. बहुतेक जणी खटके-मुरक्या मोजून मोजून घेतात आणि शब्दांवरचा ठसका विसरतात. ढोलकी चाटीला (कडेला) आणि शाईला (काळ्या भागाला) दोन्हीकडे स्वरात हवी, दमट हवेत कार्यक्रमाआधी अर्धा तास लावून ठेवा आणि दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा तपासा.

त्याच चित्रपटातलं आर्या आंबेकरचं 'बाई गं' मात्र यादीत नाही याचं वाईट वाटलं. बैठकीच्या अंगाचं, संथ, गाणाऱ्याला उघडं पाडणारं. माझ्या मते वीस वर्षांनी गायक 'बाई गं'कडे वळतील आणि नर्तकी 'चंद्रा'कडे.

पेटी_आणि_पट्टी

'बाई गं' गायला अवघड आहे, माझ्या पल्ल्याच्या कसोटीत ते बसत नाही. तरी मान्य. गाण्याच्या क्लासात आणि स्पर्धांत जे शिरतं त्याचं आयुष्य वेगळं असतं, तिथे अवघड असणं हाच गुण ठरतो. 'सूर निरागस हो'चंही तेच. शिवाय ते गणेशवंदना म्हणून कार्यक्रमाच्या सुरुवातीला बसतं, म्हणजे दर भाद्रपदात त्याला बोलावणं आहे.

'माउली माउली'बद्दल एक सांगतो. प्रत्यक्ष दिंडीत अभंगांचा क्रम ठरलेला असतो, तिथे चित्रपटगीताला जागा नाही. पण शाळांच्या दिंड्या आणि आषाढीचे रंगमंचावरचे कार्यक्रम यांत ते घट्ट बसलंय. ते पखवाज आणि टाळांवरच घ्या, ऑक्टोपॅड बंद. टाळकरी किमान सहा लागतात, दोघांत तो भरणा येत नाही.

काळी_चार

खूप उपयोगी. 'बाई गं' घेते. एक अडचण आहे: चार गाण्यांना वादक पुरत नाहीत, तिथे तयार कराओके ट्रॅक वापरावा का?

ट्रॅकवाला

वापरा, पण पट्टी बदलताना सांभाळून. अख्खा ट्रॅक वर-खाली सरकवला की त्यातली ढोलकी आणि ताशाही सरकतात. एका-दोन स्वरांपर्यंत कानाला चालतं. तीनच्या पुढे ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येते आणि बासरी चिरकते. शक्य असेल तर तालाचा आणि स्वरांचा ट्रॅक वेगळा मिळवा, फक्त स्वरांचा सरकवा. फाइल वेव्ह घ्या, इंटरनेटवरून उतरवलेली १२८ केबीपीएसची (कमी दर्जाची) एमपी३ मोठ्या स्पीकरवर उघडी पडते. सुरुवातीला चार ठोक्यांची गिनती टाकून घ्या, नाहीतर पहिली ओळ दर वेळी हुकणार.

टिकण्याचं म्हणाल, तर गाण्याचा आवाज त्याच्या चालीआधी म्हातारा होतो. नव्वदच्या दशकातल्या कॅसेट काढा, कीबोर्डच्या त्या चकचकीत आवाजावरून साल सांगता येतं. आज तीच गत ऑटोट्यूनची (आवाजाचा सूर यंत्राने दुरुस्त करणं) आणि तयार लूप्सची (फिरून फिरून वाजणारे तालाचे तुकडे) होणार. खऱ्या वाद्यांचं रेकॉर्डिंग त्यातून वाचतं. म्हणून 'गुलाबी साडी' घ्यायचीच असेल तर मूळ ट्रॅकच्या मागे लागू नका, ढोलकी-पेटीवर स्वतः बांधा. तसं बांधल्यावर उभी राहिली तर ठेवा, नाही राहिली तर तुमचं उत्तर मिळालं.

तिकीट लावणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना आधी काढा.

चौदा_एप्रिल

आतापर्यंतची सगळी चर्चा चित्रपटाभोवती किंवा रील्सभोवती फिरतेय. यादीत भीमगीत नाही ही मोठी उणीव आहे. टिकणं म्हणजे काय ते या गाण्यांकडून शिकावं. वामनदादा कर्डकांची गाणी गायन पार्ट्यांनी गावोगाव नेली, लोकांनी वहीत उतरवून घेतली, आणि आज नातवंडं गातात. कारण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर दर वर्षी येतात आणि ऐकणाऱ्याचं त्या शब्दांशी आयुष्याचं नातं आहे.

अलीकडच्या काळात कडूबाई खरात एकतारीवर बाबासाहेबांची गाणी गातात, ती ऐका. भाकरीवरच्या सहीचं गाणं घराघरात पोचलंय. त्याला ना ऑर्केस्ट्रा लागला ना कोरिओग्राफर. एक एकतारी आणि खणखणीत आवाज. पेटीवाल्यांची पहिली कसोटी तिथे जन्मतःच पार पडलेली असते.

बसवताना त्याला सजवू नका. कीबोर्डवर कॉर्ड्स भरल्या की शब्द मागे जातात. एकतारी, ढोलकी, आणि ध्रुवपदाला कोरस, बस. उच्चार गाताना शहरी करू नका, बोली आहे तशीच ठेवा.

बेंजोमास्तर

हे राहूनच गेलं होतं, चौदा_एप्रिल यांचं अगदी बरोबर. जयंतीच्या मिरवणुकीत ही गाणी बेंजोवर जशीच्या तशी वाजतात आणि हजार माणसं शब्द म्हणतात.

काळी_चार

मग नऊ ठरली: 'माउली माउली', 'सूर निरागस हो', 'याड लागलं', 'झिंगाट', 'चंद्रा', 'बाई गं', 'बहरला हा मधुमास' (पूर्ण, वळण घेऊन), कडूबाईंचं गाणं आणि 'गुलाबी साडी' ढोलकी-पेटीवर. 'सुख कळले' पेटीवर निम्म्या लयीत वाजवून पाहते, अंतऱ्याची क्रॉस लाइन कोरसच्या तोंडी दुसऱ्या तालमीत आपणहून आली तर तेच दहावं.

पेटी_आणि_पट्टी

तालमीत शब्दांचे कागद देऊ नका, तरच ते कळेल.