गोळीतले क जीवनसत्त्व: दहाचा गुणाकार राहिला

आयोडीनच्या अनुमापनात (टायट्रेशन: आयोडीन थेंबाथेंबाने घालून, ते किती लागले यावरून जीवनसत्त्व मोजणे) ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत क जीवनसत्त्व अवघे ४९ मिलिग्रॅम निघाले, असा निष्कर्ष एकाने मांडला आहे; तो मला घाईचा वाटतो. गोळीचे २५० मिलिलिटर द्रावण करून त्यातले २५ मिलिलिटरच पिपेटने (ठरावीक माप उचलणाऱ्या नळीने) घेतले असल्यामुळे, ०.०१ मोलर तीव्रतेच्या आयोडीन द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमागे १.७६ मिलिग्रॅम या हिशेबाने ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या, तोटीच्या नळीतून) लागलेल्या २७.८ मिलिलिटरचे ४८.९ मिलिग्रॅम होतात खरे, पण ते त्या २५ मिलिलिटरपुरतेच. दहाने गुणल्यावर गोळीत ४८९ मिलिग्रॅम भरतात. पुण्यात बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात स्टार्चची निळी छटा टिकली (म्हणजे अनुमापन पूर्ण झाले), की त्या आनंदात मीही हा गुणाकार विसरत असे. उरलेल्या ११ मिलिग्रॅमसाठी गोळीला दोष देण्याआधी द्रावण किती वेळ उघडे राहिले होते ते पाहावे, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे हे जीवनसत्त्व हळूहळू घटत जाते.