मदत हवी आहे: हरणाच्या शिकारीसाठी रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. आपल्याकडे भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार बंद, त्यामुळे घरच्या कुणाला विचारायची सोय नाही (आई तर विषय काढला की फोनच ठेवते!). इथे परवाना काढून गेली दोन वर्षं सप्टेंबरमध्ये धनुष्यबाण आणि नोव्हेंबरमध्ये रायफल घेऊन व्हाइटटेल हरणांच्या मागे जातो.

सध्या मित्राचा गोल्फचा रेंजफाइंडर वापरतोय. तो सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे हरणाऐवजी मधल्या फांदीचं अंतर. मागच्या मोसमात 30 यार्ड समजून बाण सोडला, हरीण निघालं 38 वर. बाण पोटाखालून गेला. जखमी झालं नाही हेच नशीब.

खोक्यावरचा 1000 यार्डांचा आकडा चकचकीत वस्तूसाठी असतो, हरणाच्या अंगावरून तेवढा मिळत नाही, हे कळलंय. पण झाडावरच्या मचाणासाठी कोन मोजणारं मॉडेल खरंच लागतं का? 20 फूट उंचीवरून 20 यार्डांवरच्या हरणाचं तिरकं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांत फरक जेमतेम एक यार्डाचा पडतो. आणि पहाटेच्या अंधुक उजेडात काळे आकडे दिसतच नाहीत, लाल डिस्प्लेने डोळे दिपतात का?

व्होर्टेक्स, ल्यूपोल्ड, सिग यांपैकी एखाद्या कंपनीचा रेंजफाइंडर कुणी झुडपांत वापरलाय? बजेट 300 डॉलरपर्यंत.