मदत हवी आहे: क्यूसमचे खोटे अलार्म थांबत नाहीयेत

पोस्टडॉकच्या मुलाखतीत याच कामावर बोलायचंय, ३ आठवडे राहिलेत आणि गाडी नेमकी इथेच अडलीय. महापेच्या एका कारखान्यातल्या पाण्याच्या पाइपलाइनचं प्रेशर, दर मिनिटाला एक रीडिंग, आणि हळूहळू वाढणारी गळती लवकर पकडायचीय. दोन्ही बाजूंचा क्यूसम (सरासरीपासूनचे फरक साठवत जातो, बेरीज मर्यादेबाहेर गेली की अलार्म) लावला, के (एवढा फरक सोडून द्यायचा) ०.५ आणि एच (अलार्मची मर्यादा) ५, म्हणजे रीडिंग्ज एकमेकांपासून स्वतंत्र असती तर साधारण ४६५ रीडिंग्जमागे एक खोटा अलार्म, पावणेआठ तासांनी एक, पण मला दिवसाला चाळीसच्या वर येतायत. कारण कळतंय, ऑटोकोरिलेशन (लागोपाठच्या रीडिंग्जमधला संबंध) ०.९ आहे (दिवस-रात्रीचा पॅटर्न आधीच वजा केलाय).

मग एआर(१) (मागच्या रीडिंगवरून पुढच्याचा अंदाज बांधणारं मॉडेल) बसवून रेसिड्युअलवर (खरं रीडिंग वजा अंदाज) क्यूसम चालवला, अलार्म शांत झाले, पण प्रेशर घसरलं तरी पहिल्या रीडिंगनंतर त्या बदलाचा दहावा हिस्साच रेसिड्युअलमध्ये उरतो, मग गळती सापडणार कशी, आणि सगळी धडपड तर तेवढ्यासाठीच आहे ना. अर्ध्या तासाची सरासरी घेऊनही बघितलं, फार उशीर होतो.

आयसोलेशन फॉरेस्ट (वेगळी रीडिंग्ज शोधणारं मशीन लर्निंग) सुचवू नका प्लीज, पॅनेलला खोट्या अलार्मचा दर पटवून द्यावा लागणार. लेबल्स (गळती नेमकी कधी होती याच्या नोंदी) नाहीत, स्वच्छ डेटा ३ महिन्यांचाच. ठाण्यात कोणी यावर काम केलं असेल तर शनिवारी लॅपटॉप घेऊन येतो.

तर प्रश्न असा की क्यूसम मूळ सिरीजवरच ठेवून एच ब्लॉक बूटस्ट्रॅपने (स्वच्छ डेटाचे सलग तुकडे पुन्हा पुन्हा यादृच्छिक उचलून नवी सिरीज बनवायची) ठरवला तर चालेल का, आणि एवढ्या डेटात ब्लॉक अख्ख्या दिवसाचा घ्यावा की काही तासांचा?