शिवायला बसलं की संध्याकाळी डोकं ठणकतं, मानेमुळे असेल का?

पंचवटीत ब्लाउज शिवते. तुळशीचं लग्न झालं की दिवसाला सहा-सात ब्लाउज, त्यात साडीला फॉल वेगळाच. चारच्या सुमाराला मानेच्या खड्ड्यात कळ सुरू होते ती थेट उजव्या भुवईवर. चष्म्याचा नंबर बदलला नाही, बीपी नॉर्मल. सासूबाई म्हणतात पित्त. सुंठ उगाळून लावून कपाळ सोलायची वेळ आली. मान अवघडली तर भुवई का दुखावी?

नाशिकरोडची फिजिओ
ताई, मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच जागी येतात. कळ नक्की कुठली, यात मेंदूची गफलत होते. डोकं असतं साडेचार-पाच किलोचं. ते पुढे झुकलं की कवटीखालचे छोटे स्नायू दिवसभर ते ओढून धरतात. हूक लावताना काम मांडीवर घेऊ नका, उशीवर घेऊन वर आणा. प्रत्येक ब्लाउज संपला की उठा, हनुवटी सरळ मागे घेऊन पाच आकडे थांबा. दात आवळून काम करता का? गोळी किती दिवस घेताय? साधी गोळीही महिन्यात 15 दिवस पोटात जायला लागली तर तीच डोकं दुखवते. आणि अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, ताप आला, हात बधिर झाला, तर व्यायाम नको, डॉक्टरच.

दिंडोरीचा बागायतदार
आमचं उलटं. द्राक्षाच्या विरळणीला मांडवाखाली मान वर, हात वर, हातात कात्री. चौथ्या दिवशी डोकं धरलंच म्हणून समजा! आता बाया तासाभराने खालचं काम घेतात, मग परत वर. मजूर मिळत नाहीत म्हणून आधी सलग ओढायचो, चूक आमचीच.

पंचवटीवाली
गोळी आठवड्यातून चारदा, म्हणजे झालेच की पंधरा. फिजिओताई, दातांचं कसं ओळखलंत? टाचण्या ओठांत धरते मी. काल मुलगी म्हणाली, आई, तोंडात टाचणी नसते तेव्हासुद्धा तुझा जबडा गच्चच असतो. आज टाचण्यांसाठी मनगटावर उशी बांधलीय. स्टूल अजून तेच आहे.